वॅट नंतर, आधी अँपिअर विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गाडीतल्या साऊंड सिस्टीमबद्दल जे छापून येते, त्यात अँप (अँप्लिफायर) किती वॅटचा आणि वूफर किती इंची यावरच भर असतो. ती वीज गाडीत येते कुठून, यावर चकार शब्द नसतो. परिणाम ठरलेला. बास पडला की हेडलाइट मंद होतात. मग कोणी मोठी बॅटरी सुचवतो, कोणी कपॅसिटर (थोडी वीज साठवून झटक्यात सोडणारा भाग), आणि पैसे घालूनही दिवे मंद होतच राहतात. त्याहून वाईट म्हणजे बारीक वायरीवर मोठा अँप चढवला जातो आणि ती वायर कार्पेटखाली तापत राहते. गाड्यांच्या वायरिंगची कामे करणारे म्हणून या विषयावर थोडे सविस्तर लिहीत आहोत. आपण जागा द्यावी ही विनंती.

पहिली गोष्ट म्हणजे खोक्यावरचा मोठा आकडा सोडून द्या. ‘मॅक्स’ किंवा ‘पीक’ वॅटला हिशेबात स्थान नाही. आरएमएस वॅट (अँप सलग देऊ शकतो ती ताकद) पाहा, आणि तोही १४.४ व्होल्ट, ४ ओहम व आवाजात १ टक्का विकृती या अटींवर मोजलेला असेल (सीटीए-२००६ हे मानक तसे मोजते) तर त्यावर भरवसा ठेवा. असा आकडा दिलाच नसेल तर अँपवरचे फ्यूज पाहा. ३० अँपिअरचे दोन फ्यूज असलेला क्लास-डी अँप ६० अँपिअर गुणिले १३.८ व्होल्ट गुणिले ०.८ कार्यक्षमता, म्हणजे साधारण ६६० वॅटच्या पलीकडे सलग काही देऊ शकत नाही, मग खोक्यावर ३००० छापलेले असो.

आता तोच हिशेब उलटा करा. आरएमएस वॅटला कार्यक्षमतेने भागा आणि आलेल्या उत्तराला १३.८ ने भागा. क्लास-डी आणि क्लास-एबी या अँपच्या दोन जाती; क्लास-डीची कार्यक्षमता ०.८ धरावी, क्लास-एबीची ०.५५. १००० वॅटचा क्लास-डी अँप पूर्ण जोरात सुमारे ९० अँपिअर खेचतो. ५०० वॅटचा क्लास-एबी ६५ च्या आसपास, म्हणजे निम्मी ताकद देऊन जवळजवळ पाऊणपट वीज खातो. गाण्यात मात्र हा भार सलग नसतो. ठोका पडतो तेव्हा करंट उसळतो, पुढच्या क्षणी खाली येतो, आणि सरासरी कमाल करंटच्या एक तृतीयांशाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी राहते. म्हणून अल्टरनेटरचा (इंजिनवर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राचा) विचार सरासरीवर करायचा, आणि वायर व फ्यूजचा कमाल करंटवर. हा फरक लक्षात न घेतल्यामुळे एक तर लोक गरज नसताना अल्टरनेटर बदलतात, नाही तर वायर बारीक टाकतात.

अल्टरनेटरवर लिहिलेला आकडा तो चांगला वेगाने फिरत असतानाचा असतो. ९० अँपिअरचा अल्टरनेटर इंजिन आयडलिंगला असताना निम्म्याच्या आसपासच देतो, आणि बॉनेटखाली तापला की आणखी कमी. त्यातून इंधन पंप, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), रेडिएटरचा पंखा, एसीचा ब्लोअर आणि हेडलाइट मिळून ३० ते ४० अँपिअर आधीच घेतात. सिग्नलला थांबल्यावरच दिवे का मंद होतात आणि गाडी पळायला लागली की का सुधारतात, त्याचे कारण हे. अल्टरनेटर कमी पडला की व्होल्टेज १४ वरून बॅटरीच्या स्वतःच्या पातळीवर, म्हणजे १२.५ किंवा त्याखाली उतरते आणि उरलेला करंट बॅटरीतून जाऊ लागतो. तो करंट नंतर भरून काढायचा असतो तोही याच अल्टरनेटरने. त्यामुळे मोठी बॅटरी टाकून आयडलिंगची तूट मिटत नाही, फक्त उशिरा जाणवते.

तरीही अल्टरनेटरला हात लावण्याआधी वायरी बघा. या कामाची खरी सुरुवात तीन जाड वायरींनी होते: अल्टरनेटरच्या आउटपुटपासून बॅटरीच्या पॉझिटिव्हपर्यंत एक, बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडीपर्यंत दुसरी आणि इंजिन ब्लॉकपासून बॉडीपर्यंत तिसरी. कंपनीने बसवलेल्या वायरी मूळच्या भारापुरत्याच असतात. त्या काढायच्या नाहीत, त्यांच्या जोडीला नव्या टाकायच्या. १००० वॅटपर्यंत ३५ स्क्वेअर एमएम पुरते, त्यापुढे ५०. अल्टरनेटरच्या नव्या वायरीला बॅटरीच्या बाजूला अल्टरनेटरच्या कमाल आउटपुटपेक्षा थोडा मोठा फ्यूज हवाच. नाही तर अल्टरनेटरचे डायोड शॉर्ट झाले किंवा वायर इंजिनला घासून उघडी पडली, तर अख्खी बॅटरी त्या वायरीतून रिकामी होऊ पाहते.

जाडीने किती फरक पडतो ते पाहा. बॅटरीपासून डिक्कीपर्यंत ५ मीटर वायर आणि करंट ९० अँपिअर धरा. १० स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरीत पाऊण व्होल्ट वाटेतच जातो आणि तो ७० वॅट उष्णता बनून कार्पेटखाली बाहेर पडतो. ३५ स्क्वेअर एमएममध्ये तीच घट ०.२२ व्होल्टवर येते. आता सीसीए वायरीचे बोलू. ही आतून ॲल्युमिनियमची असते, वर तांब्याचा नुसता मुलामा. दिसायला तांब्यासारखीच, पण विरोध सुमारे १.६ पट. ओळखायची असेल तर टोकाच्या चार तारा सुरीने खरवडा: आत पांढरी चमक दिसली की ॲल्युमिनियम. हातात घेतली तरी जाडीच्या मानाने हलकी लागते. वापरू नयेच असे नाही, पण एक माप जाड घ्यावी लागते आणि फ्यूज एक माप लहान. तयार मिळणाऱ्या स्वस्त किटमध्ये तर वायर बारीक आणि वरचे इन्सुलेशन जाड असते, त्यामुळे बाहेरून काहीच कळत नाही. वायरीवर स्क्वेअर एमएम छापलेले नसेल तर ती घेऊ नका.

आमच्या मते निम्म्या तक्रारी अर्थच्या, म्हणजे अँपची निगेटिव्ह वायर बॉडीला जोडण्याच्या असतात. डिक्कीत सापडेल त्या बोल्टला अर्थ अडकवून दिला जातो. बोल्टखाली रंग असतो, रंगाखाली प्राइमर असतो आणि करंट जायला फक्त आट्यांचा आधार उरतो. सीटबेल्टचा बोल्ट तर कधीच वापरू नये. तो सुरक्षेचा भाग आहे, त्याचा टॉर्क बिघडवायचा नसतो. योग्य पद्धत अशी: बॉडीच्या जाड पत्र्यावर, शक्यतो चासीच्या मेंबरवर, जागा निवडा. पलीकडे इंधनाची टाकी, ब्रेकची नळी किंवा वायरिंग नाही ना, ते खाली वाकून पाहा. लगच्या (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीच्या) आकाराएवढा गोल खरवडून पत्रा पांढरा चकचकीत करा. लग थेट पत्र्यावर, त्यावर दातेरी वॉशर, मग नट असे घट्ट आवळा. वरून ग्रीस किंवा रंग मारा, नाही तर एका पावसाळ्यात तिथे गंज धरतो आणि पुन्हा तीच रडकथा सुरू होते. अर्थची वायर पॉझिटिव्हएवढीच जाड हवी, जराही कमी नाही.

लग वायरीवर दाबून बसवायचे (क्रिंप करायचे) ते षट्कोनी डायच्या क्रिंपरने. पक्कडीने दाबलेले किंवा हातोडीने चेपलेले लग बाहेरून घट्ट दिसते, पण आत तारांमध्ये पोकळी राहते, तिथे ओल शिरते आणि सांधा तापू लागतो. सोल्डर भरून केलेला जाड वायरीचा सांधाही गाडीत चांगला नाही. सोल्डर वायरीत वर चढते, तो भाग ताठ होतो आणि थरथरीने वायर नेमकी तिथेच तुटते. क्रिंपवर गोंदाची हीट श्रिंक स्लीव्ह चढवली की काम पक्के.

मुख्य फ्यूज बॅटरीपासून वायरीच्या लांबीने ४५ सेंटिमीटरच्या आत हवा. तो अँपसाठी नसून वायरीसाठी असतो, कारण अँपला त्याचे स्वतःचे फ्यूज असतात. म्हणून त्याचे माप वायरीवरून ठरते: १० स्क्वेअर एमएमला ६० अँपिअर, २५ ला १२५, ३५ ला १५०, ५० ला २५०. अँप लहान असेल तर फ्यूज याहून लहान चालतो, मोठा कधीही नाही. फ्यूज वारंवार उडतो म्हणून मोठा टाकून देणारे फिटर आहेत. अशा माणसाच्या हातात गाडी देऊ नये. वायर बॉनेटमधून आत नेताना पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट बसवल्याशिवाय ओढायची नाही, आणि पिवळ्या वेष्टनातल्या एअरबॅगच्या वायरींपासून लांब ठेवायची. काम सुरू करताना निगेटिव्ह टर्मिनल आधी काढायचे, संपल्यावर सगळ्यात शेवटी लावायचे.

कपॅसिटरबद्दल लोकांच्या मनात फार मोठ्या अपेक्षा आहेत. १ फॅरडचा कपॅसिटर १४ व्होल्टवरून १२ वर येईपर्यंत २६ जूल ऊर्जा देतो. १००० वॅटचा अँप ८० टक्के कार्यक्षमतेने सेकंदाला १२५० जूल खातो. म्हणजे ही मदत सेकंदाच्या पन्नासाव्या भागापुरती! ठोक्याच्या अगदी पहिल्या टोकाला तिचा थोडा उपयोग होतो, अल्टरनेटरची तूट किंवा बारीक वायर यांवर तो इलाज नव्हे. बसवायचाच असेल तर आधी सोबतच्या रेझिस्टरमधून किंवा १२ व्होल्टच्या बल्बमधून चार्ज करा, थेट जोडला तर मोठी ठिणगी उडते.

दुसरी बॅटरी घ्यायला आमची हरकत नाही, पण कारण स्पष्ट असावे. इंजिन बंद ठेवून गाणी लावायची असतील तर ती कामाची. ४५ अँपिअर-अवरच्या एकट्या बॅटरीवर सरासरी २० अँपिअर घेतले तर तासाभरात जवळजवळ निम्मा चार्ज संपतो आणि स्टार्टर अडखळू लागतो. दोन्ही बॅटऱ्या एकाच जातीच्या आणि शक्यतो एकाच वयाच्या हव्यात, आणि मधल्या वायरीला दोन्ही टोकांना फ्यूज, कारण करंट दोन्हीकडून येऊ शकतो. डिक्कीत पाण्याची साधी बॅटरी ठेवू नका. चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते. तिथे एजीएमच (आतले द्रव मोकळे नसलेली बंद बॅटरी) हवी. लिथियमची बॅटरी रिकामी झाली की अल्टरनेटरकडून इतका करंट ओढते की तो तापतो, आणि तिच्या बीएमएसने (बॅटरीच्या आतल्या संरक्षक सर्किटने) मध्येच तोडले तर व्होल्टेज उसळून इलेक्ट्रॉनिक्स जाऊ शकते. गाडीची चार्जिंग यंत्रणा तिला झेपणारी आहे याची खात्री असल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये.

अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटरचे व्होल्टेज कॉम्प्युटर ठरवतो. निगेटिव्ह टर्मिनलला चिकटलेला लहानसा प्लॅस्टिकचा सेन्सर आणि त्याला जोडलेला कनेक्टर दिसला, तर गाडी या जातीची. अशा गाडीत अँपची किंवा नवी कोणतीही अर्थ थेट बॅटरीच्या पोलवर लावू नका. सेन्सरच्या पलीकडे, बॉडीच्या बाजूला लावा. नाही तर तो करंट सेन्सरच्या हिशेबात येत नाही, कॉम्प्युटर बॅटरी भरलेली समजतो आणि चार्जिंग कमी करतो. याच गाड्यांत धावतानाही व्होल्टेज कधी १२.५ च्या आसपास उतरते. तो बिघाड नसतो. जास्त अँपिअरचा अल्टरनेटर घेताना तो कॉम्प्युटरच्या आज्ञा समजतो का आणि तापलेला असताना आयडलिंगला किती देतो, हे दोन प्रश्न आधी विचारा. कमाल आकडा नंतर. पट्टा जुना असेल तर तोही बदला, जादा भाराने तो घसरतो आणि किंचाळतो. हायब्रिड व इलेक्ट्रिक गाड्यांत अल्टरनेटरच नसेल, तर १२ व्होल्ट डीसी-डीसी कन्व्हर्टरमधून (मोठ्या बॅटरीचे व्होल्टेज उतरवणाऱ्या यंत्रातून) येतात. त्याची क्षमता हीच मर्यादा मानून अँप निवडा, आणि उच्च व्होल्टेजच्या नारिंगी वायरींना हात लावू नका.

हे सगळे आवाज वाढवण्यासाठी करायचे असते, असा एक समज आहे. १४.४ ऐवजी १२ व्होल्ट मिळाले तर साध्या अँपची ताकद सुमारे ३० टक्क्यांनी घटते, पण कानाला तो फरक दीड डेसिबलच्या आसपासच. खरे नुकसान वेगळेच होते. व्होल्टेज पडले की अँप लवकर क्लिप होतो (आवाजाच्या लहरीचे टोक कापले जाते), माणूस आवाज आणखी वाढवतो आणि स्पीकरची कॉइल जळते.

गाडी ताब्यात घेताना फिटरकडून तीन रीडिंग समोर घ्या. इंजिन आयडलिंगला, हेडलाइट आणि एसी चालू, आवाज नेहमीच्या कमाल पातळीवर. पहिले, अँपच्या टर्मिनलवर पॉझिटिव्ह आणि अर्थमध्ये: साध्या चार्जिंगच्या गाडीत ठोक्यालाही १२.५ च्या खाली जाऊ नये. दुसरे, बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून अँपच्या पॉझिटिव्हपर्यंत: ०.३ व्होल्टच्या आत. तिसरे, बॅटरीच्या निगेटिव्हपासून अँपच्या अर्थपर्यंत: ०.१ च्या आसपास. दुसरे वाढले तर वायर, फ्यूज होल्डर किंवा लग, तिसरे वाढले तर अर्थ. दोन्ही ठीक आणि पहिले पडत असेल, तरच अल्टरनेटरकडे वळा. साधा मल्टीमीटर झटक्यातली घट पकडत नाही, म्हणून ‘मिन-मॅक्स’ (सगळ्यात कमी-जास्त आकडा धरून ठेवण्याची सोय) असलेला वापरा, किंवा गाण्याऐवजी ५० हर्ट्झचा सलग टोन काही सेकंदांपुरता लावा. शेवटी गाडी बंद करून, लॉक करून, अर्ध्या तासाने निगेटिव्ह वायरीतला करंट मोजा. ५० मिलिअँपिअरपेक्षा जास्त असेल तर रिमोट वायर (अँपला चालू-बंद करणारी बारीक वायर) चुकीच्या जागेवरून घेतलेली असण्याची शक्यता मोठी. अँप रात्रभर जागा राहिला की सकाळी बॅटरी उतरलेली असते.

आपल्या वाहन पुरवणीत यापुढे साऊंड सिस्टीमची माहिती देताना वॅटच्या शेजारी तो अँप किती अँपिअर घेतो आणि त्याला किती स्क्वेअर एमएमची वायर व कितीचा फ्यूज लागतो, एवढे तीन आकडे छापावेत, ही विनंती. वाचकांनीही काम झाल्यावर पंधरा दिवसांनी सगळे नट आणि अँपचे स्क्रू एकदा पुन्हा आवळून घ्यावेत. जाड वायरीच्या तारा दाबाखाली बसतात आणि पहिल्या आवळणीतला ताण सैल होतो.

आपले,
ऑटो इलेक्ट्रिकचे काम करणारे काही वाचक