ताट वेगळं, तुरटी एकच

संपादक महोदय,

पारोळ्यात २२ वर्षांपासून माझं सलून आहे. दोन खुर्च्या, भिंतभर आरसा आणि आरशाखाली तुरटीचा खडा. पत्र त्या खड्यावरच लिहायला घेतलं होतं, पण आधी मुलीचं सांगतो.

तिला दिवस गेले तेव्हा तपासणीत हिपॅटायटीस बी निघाला. आपल्याकडे त्याला पांढरी कावीळ म्हणतात. ना ताप, ना डोळे पिवळे, काहीच त्रास नव्हता. सासरी मात्र दुसऱ्या दिवसापासून तिचं ताट आणि पेला वेगळा झाला. मार्गशीर्षात मळ्यात भरिताचा बेत होता. सगळे पंगतीला बसले आणि सातव्या महिन्यातली पोर लांब खाटेवर एकटी. मी विचारलं, तर विहीणबाई म्हणाल्या, "हाऊ पसरनारा आजार शे, भाऊ."

त्याच घरात मोरीच्या फळीवर एका डब्यात सगळ्यांचे ब्रश एकमेकांना टेकून उभे होते. नेलकटर घरात एकच. जावईबापूंनी तर स्वतःचं रक्तही तपासलं नव्हतं.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी दोन्ही घरच्यांना समोर बसवून समजावलं. हा विषाणू रक्तातून जातो, नवरा-बायकोच्या संबंधातून जातो आणि बाळंतपणात आईकडून बाळाला जातो. एका ताटात जेवून, मिठी मारून, खोकल्यातून जात नाही. पावसाळ्यात 'पाणी उकळून प्या' म्हणून जी कावीळ पेपरात येते ती ए आणि ई. ही बी, हिचा पाण्याशी संबंध नाही. मंत्राने, माळेने उतरवायचीही ही नव्हे. जावईबापू खाली मान घालून ऐकत होते.

आणि मग बाई म्हणाल्या, सांडलेल्या, वाळलेल्या रक्तातसुद्धा हा विषाणू सात दिवस तग धरतो. मला पहिला आठवला तो माझा खडा. ब्लेड मी गिऱ्हाइकासमोरच बदलतो, एड्सच्या भीतीने ती सवय आम्हा सगळ्यांना लागली. पण दाढी करताना हनुवटीवर कापलं की तुरटी घासायची आणि तोच ओला खडा पुढच्याच्या गालावर. बावीस वर्षं. खड्याच्या कडेला कधी तांबूस रेघ दिसली तर पाण्याखाली धरायचो, झालं काम. यात्रेत गोंदणारे सुई बदलतात का, हे पाहणारे आपण. तुरटीकडे कोण बघतो?

नात फेब्रुवारीत झाली. बारा तासांच्या आत तिला एका मांडीत लस आणि दुसऱ्या मांडीत तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन दिलं. पुढचे डोस दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना. ही घाई कशाला, असं मला वाटलं होतं. जन्मताना लागण झालेल्या दहा बाळांपैकी नऊंच्या अंगात हा आजार ठाण मांडतो, पुढे लिव्हर खराब करतो. मोठेपणी लागण झाली तर शंभरात पाचसुद्धा नाहीत. अंगावर पाजायला हरकत नाही, हेही डॉक्टरीणबाईंनीच विहीणबाईंना ठणकावून सांगितलं. नातीचं रक्त नवव्या महिन्यानंतर तपासायचं आहे.

ही लस देशभर बाळांना मोफत मिळायला लागली २०११-१२ च्या सुमारास. माझी मुलगी त्याआधीची, मी तर कितीतरी आधीचा. आज ज्यांना मिसरूड फुटलंय त्यांच्याहून मोठ्यांपैकी कितीजणांनी ती घेतली असेल? मी रक्त तपासून घेतलं, निगेटिव्ह निघालं. मग पदरच्या पैशाने तीन डोस घेतले: पहिला लगेच, दुसरा महिन्याने, तिसरा पहिल्यापासून सहा महिन्यांनी. जावईबापूंचा तिसरा बाकी आहे. एकदा लागण झाल्यावर लसीचा उपयोग नसतो, म्हणून आधी तपासणी. मुलीच्या तपासण्या चालू आहेत, गरज पडली तर गोळ्या आहेत.

आमच्या धंद्यातल्या भावांना एवढंच सांगायचं होतं. खडा मी टाकून दिला. आता तुरटीची पूड करून ठेवतो, चिमूटभर पाण्यात भिजवून कापसाने लावतो आणि कापूस फेकतो. एक आजोबा अजून कुरकुरतात, "खड्यानी मजा येस नही." त्यांची दाढी मी तरीही कापसानेच आवरतो.

आपला,
एक सलूनवाला, पारोळा, जि. जळगाव