दहावीचा चित्रकलेचा तास परत द्यावा

मा. संपादक,

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली, की दहावीच्या वेळापत्रकातून चित्रकलेचा आणि शारीरिक शिक्षणाचा असे दोन तास मुकाट्याने नाहीसे होतात आणि त्या जागी गणित-विज्ञानाच्या सराव प्रश्नपत्रिका येतात. ठाण्यातील एका शाळेत मी अनेक वर्षे चित्रकला शिकवली. माझा तास असाच काढून घेतला जाई आणि ‘मुलांचेच भले’ म्हणून मीही तो देऊन टाकत असे. झोप न लागणे, पोटात गोळा येणे, प्रश्नपत्रिका हाती पडताच तळव्यांना घाम फुटणे या तक्रारीही नेमक्या त्याच महिन्यांत वाढत.

धास्तावलेले शरीर संकटाला तोंड द्यायच्या तयारीत असते. छाती धडधडते, श्वास उथळ होतो, स्नायू ताठरतात. ‘शांत हो’ असे बजावून ही तयारी उतरत नाही, कारण ती चालवणारी स्वायत्त चेतासंस्था आपल्या हुकमात नसते. श्वासाची लय मात्र बऱ्याच अंशी आपल्या हाती असते आणि श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते. कागदावर एक लांब रेघ सावकाश, न थांबता ओढायला सांगितली, की मुलांचा श्वासही आपोआप लांबतो, हे मी वर्गात कितीदा तरी पाहिले आहे. अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या २०१६ मधील अभ्यासात ३९ प्रौढांनी ४५ मिनिटे माती, मार्कर किंवा कोलाजचे काम केल्यावर सुमारे ७५ टक्के जणांच्या लाळेतील कॉर्टिसॉल या तणाव-संप्रेरकाचे प्रमाण घटले होते. चित्रकलेचा पूर्वानुभव असण्या-नसण्याने त्यात विशेष फरक पडला नव्हता. अभ्यास लहान होता आणि शाळकरी मुलांवरचा नव्हता, हे मान्य. पण सराव प्रश्नपत्रिकांचा ढीग वाढवून धास्ती कमी होते, असे तरी कोणी दाखवले आहे?

यासाठी परदेशाकडे पाहण्याचीही फारशी गरज नाही. आज पालघरमध्ये गेलेल्या, पण २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्याचाच भाग असलेल्या वारली पाड्यांवर गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने जो तारपा नाच रेखाटला जातो, तोच अंगणात हातात हात गुंफून नाचलाही जातो. आमच्या शाळेतील शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांनी आणि मी एका वर्षी दोन तास जोडून घेतले होते. मुले आधी मैदानावर तारप्याच्या फेऱ्यात पावले टाकत आणि मग तोच सर्पिल फेरा कागदावर काढत. पहिल्या दिवशी भरपूर हसणे-खिदळणे झाले (मुलगे जरा जास्तच लाजले), तिसऱ्या आठवड्यापासून मात्र वर्ग निवांत झाला.

ज्या मुलाची भीती खाणेपिणे, झोप हिरावते, त्याला समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरांकडेच न्यायला हवे. हा तास त्याला पर्याय नाही. इतर सर्वांसाठी ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांनी निदान स्वतःच्या शाळांत पूर्वपरीक्षेपर्यंत आठवड्यातून एक जोडतास राखून ठेवावा, अशी विनंती आहे. इंटरमिजिएट या शासकीय चित्रकला परीक्षेच्या दहावीतील वाढीव गुणांपुरता ब्रश धरायची सवय आपण मुलांना आधीच लावली आहे. म्हणून या तासाला गुण, श्रेणी किंवा स्पर्धा जोडू नये आणि शिक्षकांनी सहीसाठीसुद्धा ते कागद गोळा करू नयेत.

— एक निवृत्त कलाशिक्षक, नौपाडा, ठाणे