आंबेनळी घाटाचा कातळ उलगडून दाखवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

तुम्ही रविवारची सुट्टी मोडून आमच्या नववीच्या मुलांबरोबर आंबेनळी घाटात आलात, त्याबद्दल मनापासून आभार. हे पत्र सगळ्यांसमोर लिहितो आहे, कारण तुम्ही दाखवलंत ते त्या वळणांवरून महाबळेश्वरला जाणाऱ्या प्रत्येकाला कळायला हवं.

हा कातळ सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, एवढं आमच्या पुस्तकात आहे. पण लाव्हा थंड होताना त्यातले मॅग्नेटाइट या चुंबकीय लोहखनिजाचे कण साधारण 580 अंश सेल्सिअसच्या खाली आले, की पृथ्वीच्या त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा त्यांत कायमची ठसते, हे मुलांनी पहिल्यांदाच ऐकलं. घाटातल्या खालच्या थरांत ती दिशा आजच्या उलट, दक्षिणेकडची. माथ्याजवळच्या थरांत सुलटी. म्हणजे पोलादपूरहून वर चढताना आपण एक आख्खी चुंबकीय उलटापालट ओलांडतो! शिवाय ठशाचा जमिनीशी असलेला कोन सांगतो की तेव्हा ही भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती. 1950च्या दशकात ब्रिटिश शास्त्रज्ञांनी आणि पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी दख्खनच्या कातळातून हेच मोजलं.

नमुना घेताना होकायंत्रावर भिस्त का ठेवायची नाही, तेही तुम्ही करून दाखवलंत. कातळाजवळ नेल्यावर सुई ढळली, तेव्हा सावलीवरून सूर्याची दिशा कशी धरायची हे मुलं उन्हात उभं राहून शिकली.

“चुंबकीय क्षेत्र आता पुन्हा उलटणार का?” या प्रश्नावर तुम्ही मुलांना घाबरवलं नाहीत, खोटा दिलासाही दिला नाहीत. गेल्या पावणेदोनशे वर्षांत क्षेत्र जवळजवळ दहा टक्क्यांनी क्षीण झालंय, पण उलटायला हजारो वर्षं लागतात. शेवटची उलटापालट सुमारे 7 लाख 80 हजार वर्षांपूर्वीची. त्याला ठरलेलं वेळापत्रक नाही. क्रिटेशस काळात, म्हणजे डायनोसॉरांच्या शेवटच्या युगात, तर जवळपास 4 कोटी वर्षं एकदाही ध्रुव उलटले नव्हते. खोल गाभ्यातल्या द्रवरूप लोखंडाच्या हालचालींवर हे सगळं चालतं. अशी सरळ उत्तरं मुलांना फार क्वचित मिळतात.

आता त्यांना अलिबागची चुंबकीय वेधशाळा पाहायची आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यांच्या प्रवाहाने मोजमाप बिघडणार, म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकीय नोंदी 1904 साली तिथे हलवल्या, हे तुमच्याकडूनच कळलं. परवानगीचं मी बघतो. तुम्हाला जमेल ती तारीख कळवा.

आपला कृतज्ञ,
नववीचा भूगोल शिक्षक