‘आज शांत आहेत’ म्हणजे काय?

संपादक महोदय,

दीर्घकालीन शुश्रूषा केंद्रांतील वृद्धांच्या आजारांविषयी बोलताना स्मृतिभ्रंश, मधुमेह, रक्तदाब आणि संधिवात यांची नावे लगेच पुढे येतात. परंतु सहज निसटून जाणारी एक अवस्था म्हणजे अचानक उद्भवणारा संभ्रम, ज्याला वैद्यकात डिलिरियम म्हणतात. स्मृतिभ्रंश बहुधा महिन्या-वर्षांत वाढत जातो, तर डिलिरियम काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत येतो, आणि त्यामागे न्यूमोनिया, शरीरातील पाणी कमी होणे, बद्धकोष्ठता, लघवी तुंबणे किंवा नव्याने सुरू केलेले औषध असे, बहुतेकदा उपचार करता येण्याजोगे, कारण असते. आरडाओरडा करणाऱ्या रुग्णाकडे निदान लक्ष तरी जाते. जो गप्प राहतो, जेवत नाही, दिवसभर पडून असतो, त्याच्याविषयी मात्र ‘आज शांत आहेत’ एवढेच सांगितले जाते. हे शांतपण मला अधिक काळजीचे वाटते.

उलट टोकाची चूक लघवीच्या तपासणीत होते. या वयात कोणतेही लक्षण नसताना लघवीत जिवाणू सापडणे सामान्य आहे. तरीही केवळ अहवाल पाहून प्रतिजैविके दिली, तर लाभ सहसा होत नाही आणि औषधांना न जुमानणारे जिवाणू वाढतात.

माकडहाड व टाचांवरील दाबव्रण (एकाच स्थितीत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा) आणि अनेक औषधांच्या एकत्रित परिणामाने येणारी चक्कर, त्यातून होणारे पडणे, हेही नित्याचेच. म्हणून भेटीस जाणाऱ्या नातेवाइकांनी ‘कसे आहेत?’ असे मोघम न विचारता, ‘कालच्यापेक्षा आज काय बदलले?’ असे विचारावे आणि टाचा स्वतः पाहाव्यात.

एक वाचक