कामगारमंत्र्यांना खुले पत्र : बिलासोबतचे चलन कोणाच्या नावाचे?

प्रति,
मा. कामगारमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : सरकारी कार्यालये, रुग्णालये व पालिकांमधील कंत्राटी कामगारांचे वेतन, पीएफ आणि ईएसआय

महोदय,

कंत्राटी कामगाराच्या पैशाचे पाणी नेमके कुठे मुरते, ते आपल्यापुढे मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहोत. मस्टर (हजेरीपट), पगारपत्रक, पीएफ आणि ईएसआय (कामगार राज्य विमा) यांचे कागद हाताळणे हेच आमचे काम, त्यामुळे मोघम काही लिहिणार नाही. बाह्यस्रोत भरतीसाठी नऊ एजन्सी नेमणारा 6 सप्टेंबर 2023 चा शासन निर्णय लोकांच्या रोषामुळे ऑक्टोबरमध्ये मागे घेतला गेला. एजन्सीमार्फत माणसे घेणे मात्र थांबलेले नाही. म्हणून ते कसे चालते, हे पाहणे भाग आहे.

महिना संपला की एजन्सी बिल लावते. सोबत हजेरीपट आणि पीएफ-ईएसआयच्या चलनाची झेरॉक्स असते. लेखा शाखेत चलनावरची तारीख आणि रक्कम पाहतात आणि बिल पास होते. पण चलनावर कामगारांची नावे नसतात, नुसती बेरीज असते. एजन्सीचा पीएफ कोड एक आणि साइट दहा. मग एकाच चलनाची प्रत रुग्णालयाच्या बिलाला लागते, तीच पालिकेच्या बिलाला आणि तीच एखाद्या महाविद्यालयाच्याही. कोणाच्या नावावर किती भरले हे ईसीआरमध्ये, म्हणजे पीएफच्या दरमहाच्या ऑनलाइन विवरणपत्रात दिसते. तो ईसीआर फारसे कोणी मागत नाही.

ईसीआरमध्ये प्रत्येक कामगाराची एक ओळ असते. यूएएन (कामगाराचा कायमचा पीएफ क्रमांक), नाव, एकूण वेतन, पीएफचे वेतन, वर्गणीचे आकडे आणि शेवटाकडे 'एनसीपी डेज' हा रकाना. एनसीपी म्हणजे वर्गणी न भरलेले, बिनपगारी दिवस. हातचलाखी होते ती या रकान्यात. मस्टरवर माणूस महिनाभर हजर, आणि ईसीआरमध्ये त्याचे वेतन निम्मे, एनसीपी 15. वेतन 15,000 असेल तर कामगाराचे 1,800 आणि मालकाचे 1,800 असे 3,600 रुपये जमा व्हायला हवेत. होतात 1,800. पगारातून मात्र पुरते 1,800 कापलेले असतात. 40 माणसांच्या एका कंत्राटात महिन्याला 72,000 रुपये असे गायब होतात. शिवाय बिनपगारी दाखवलेले दिवस पेन्शनच्या सेवेतून वजा होतात, आणि पेन्शनला 10 वर्षांची सेवा लागते. म्हणजे आज मारलेला पैसा त्या माणसाला साठीतही भोवतो.

1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात पगारवाटपाला मुख्य मालकाचा, म्हणजे काम करवून घेणाऱ्या कार्यालयाचा प्रतिनिधी हजर राही आणि 'माझ्या समक्ष वाटप झाले' असे नोंदवहीत लिहून सही करी. पगार बँकेत जाऊ लागल्यावर ती सही नावापुरती उरली. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत कंत्राटदाराने पगार बँकेत भरावा आणि मुख्य मालकाला तसे इलेक्ट्रॉनिक पद्धतीने कळवावे, एवढेच आहे. पण कळवले म्हणजे तपासले असे होत नाही. बँकेत आलेला पगारही सगळा हाती राहतोच असे नाही. एटीएम कार्डे मुकादमाने ठेवून घेणे, पगाराच्या दुसऱ्या दिवशी 'परतीचे' पैसे रोखीने गोळा करणे, हे प्रकार कामगारांना नवे नाहीत.

याच संहितेचे कलम 55 आपल्याला अधिकारही देते. कंत्राटदाराने वेतन थकवले तर मुख्य मालकाने ते द्यायचे आणि त्याच्याकडून वसूल करायचे. कंत्राटदाराच्या अनामत रकमेतून वेतन देण्याची सोयही शासनाला आहे. तेव्हा राज्याच्या नियमांत स्पष्ट लिहावे : भरणा पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत होतो, म्हणून प्रत्येक बिलासोबत मागच्या महिन्याचा ईसीआर आणि ईएसआयची नावनिहाय यादी यावी, ती त्या साइटच्या मस्टरशी ओळ-ओळ ताडावी आणि ताडणाऱ्याने खाली नाव-हुद्द्यासह सही करावी. जिथे तफावत, तेवढ्या नावांची रक्कम रोखावी. 40 नावे ताडायला फार वेळ लागत नाही.

खोट टेंडरमध्येही असते. काम किमान वेतनावर किती टक्के सेवाशुल्क, या एका आकड्यावर सुटते. जवळजवळ शून्य टक्क्याने काम घेणारी एजन्सी सुपरवायझर, गणवेश, बँक गॅरंटी यांचा खर्च कुठून काढणार? तो कामगारांवरच निघतो, हे दर उघडणाऱ्या समितीलाही ठाऊक असते.

चोवीस तासांच्या एका पोस्टचा हिशेब पाहा. तीन पाळ्या धरल्या तर वर्षाला 1,095 पाळ्या. टेंडरमध्ये माणसे तीन. एका माणसाचे 365 दिवसांतून 52 साप्ताहिक सुट्या गेल्या, राज्याच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे 8 सणांच्या आणि 8 किरकोळ रजा गेल्या, दर 20 दिवसांमागे एक याप्रमाणे सुमारे 14 अर्जित रजा गेल्या. उरले 283 दिवस. 1,095 पाळ्यांना जवळपास चार माणसे लागतात. चौथ्या माणसाचे, म्हणजे रिलीव्हरचे पैसे टेंडरमध्ये नसतात, म्हणून उरलेले तिघे 'डबल मारतात', आणि त्या डबलचा दर दुप्पट नसतो, साधा असतो. अंदाजपत्रकात रिलीव्हर धरल्याशिवाय टेंडर निघूच देऊ नये. किमान वेतनातला विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैत बदलतो. तो आपोआप लागू होण्याची अटही करारात हवी. दोन-तीन वर्षांचा गोठलेला दर म्हणजे पहिल्या सहामाहीनंतर कायदा मोडायचीच सोय.

संहितेचा कंत्राटी कामगारांबाबतचा भाग 50 माणसांपासून लागू होतो. जुनी मर्यादा 20 होती तेव्हा सफाईची कंत्राटे वीसच्या आतल्या तुकड्यांत निघत. आता 49 ची निघू नयेत, म्हणून एका कार्यालयातली सगळी कंत्राटे एकत्र मोजावीत. मुंबईच्या 2,700 सफाई कामगारांना कायम होण्यासाठी 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले.

सर्वांत जास्त हाल एजन्सी बदलते तेव्हा होतात. माणूस तोच, वॉर्ड तोच, झाडूही तोच. पण जुनी एजन्सी पीएफमध्ये सोडल्याची तारीख भरत नाही आणि नवी एजन्सी नवा ईएसआय क्रमांक काढते. आजारपणाच्या भत्त्यासाठी एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च या काळात 78 दिवसांची वर्गणी लागते. ती दोन क्रमांकांत वाटली गेली की दोन्हीकडे अपुरी पडते आणि भत्ता नाकारला जातो. ग्रॅच्युइटीची पाच वर्षे तर कधी भरतच नाहीत.

यावर तोड आपल्याच राज्यात आहे. 1969 च्या कायद्याखालचा माथाडी आज एका पेढीवर आणि उद्या दुसऱ्या पेढीवर ओझे उचलतो, पण त्याची नोंद मंडळात असते. पेढी मजुरी आणि लेव्ही (मजुरीवरची ठरावीक टक्केवारी) मंडळात भरते आणि हिशेब तुटत नाही. 1981 च्या कायद्याने सुरक्षा रक्षकांनाही हीच वाट दिली. सफाई आणि वॉर्डसेवेसाठी असे मंडळ होईल तेव्हा होवो. तोवर नव्या एजन्सीने साइटवरची जुनी माणसे जुन्याच यूएएन आणि विमा क्रमांकावर घ्यावीत, आणि जुन्या एजन्सीने सोडल्याच्या तारखा भरल्याशिवाय तिची अनामत सोडू नये, असे परिपत्रक तरी काढावे.

सुरुवात आपल्याच खात्यापासून व्हावी. कामगार आयुक्तालय आणि त्याच्या जिल्हा कार्यालयांत जी माणसे एजन्सीमार्फत काम करतात, त्यांच्या मागच्या बारा महिन्यांच्या ईसीआरमधला एनसीपीचा रकाना मस्टरशी ताडून पाहावा आणि निघालेली तफावत त्या कामगारांना लेखी कळवावी.

आपले,
कंत्राटी कामगारांचे वेतन-हिशेब तपासणारे कार्यकर्ते