धाकट्याच्या फॉर्मबद्दल

प्रिय संज्या,

तुझी व्हॉइस नोट ऐकली, पण उत्तर बोलून देणं जमंना. ड्युटीवर आमचा मोबाईल गेटवर जमा असतो आणि घरी आलो की बायको म्हणते, दिवसभर कैद्यांशी बोललास, आता जरा माझ्याशी बोल. म्हणून लिहितोय.

धाकट्याला कारागृह शिपाईचा फॉर्म भरायचाय ना, भरू दे की. फक्त त्याला सांग, पिच्चरमधली मारामारी रोज नसते, रोज असते ती गिनती. सकाळी बराकी उघडताना मोजायचं, संध्याकाळी बंद करताना मोजायचं, आणि टोटल जुळल्याशिवाय कुणी घरी जात नाही. माझ्या पहिल्या पोस्टिंगला, कुठं ते सोड, एकदा संध्याकाळी एक कमी भरला. परत मोजलं, तरी एक कमीच. साहेबांचा चेहरा पांढराफटक आणि माझ्या पोटात गोळा. शेवटी कळलं, दुपारी एकाला सिव्हिलला नेलेलं आणि फळ्यावरचा आकडा बदलायचा राहिलेला, माझाच! खडूचा एक आकडा लेका, सगळी शिफ्ट दीड तास अडकली. अजून लग्नात पंगत बसली तरी आधी मोजतो मी.

आता सांगलीत आहे, गणेशदुर्गातल्या जेलला. 24 जुलै 1943 ला वसंतदादा साथीदारांना घेऊन हेच जेल फोडून पळाले, खंदकात उड्या टाकल्या, हे आपण शाळेत छाती फुगवून ऐकायचो. आता मात्र मला त्या दिवशी ड्युटीवर असलेल्या शिपायाचीच काळजी वाटते बघ.

आणि आतले सगळे काय शिक्षा झालेले नसतात. जिल्हा जेलला बहुतेक केस चालू असलेलेच. काहींचा जामीन मंजूर असतो पण जामीनदार मिळत नाही, मग बसलेत. असाच जतकडचा एक पोरगा रोज विचारायचा, साहेब माझा कागद आला का. एकदाचा आला. सुटला, गेटच्या बाहेर गेला आणि तिथंच पिशवी धरून उभा राहिला. मला वाटलं एसटीला पैसे नसतील, तर तसं नव्हतं. कुणीतरी 'जा' म्हणायची वाट बघत होता. मीच म्हटलं, अरे जा की आता!

ते दुसरं प्रोबेशन ऑफिसरचं विचारलंस, ते म्हणजे नोकरीत नवीन लागलेला नव्हे रे. 1958 च्या कायद्यानं कोर्ट काही जणांना आत न घालता चांगल्या वागणुकीच्या बाँडवर सोडू शकतं, त्यासाठी घरची, गावची चौकशी करून रिपोर्ट देतात ते हे लोक. आपल्या महाराष्ट्रात ते महिला व बालविकास खात्याकडं. ओळखीच्या एक मॅडम आहेत, त्या सांगतात, पोराबद्दल शेजारी विचारायला गेलं की लोकांना स्थळाची चौकशी वाटते, सगळेच गोडगोड बोलतात! धाकटा बोलका आहे, खरं तर तिकडं जास्त शोभेल, पण त्याला खाकीच पाहिजे असणार.

आटपाडीचं स्वतंत्रपूर बघितलंयस का? औंध संस्थानानं 1939 ला काढलेली खुली वसाहत, कैदी बायकापोरांसकट राहून शेती करतात. मला तिथं बदली मागायचीय, बायकोला अजून सांगितलेलं नाही, तू पण बोलू नकोस.

धाकट्याला पुढच्या रविवारी पाठव, रनिंगचं टायमिंग बघू त्याचं. येताना कंदी पेढे आणायला सांग, आणि साखर कमीचे नकोत.

तुझा,
बाळ्या