इंग्लंडमधल्या ब्लॅकपूलहून आई-बाबांना

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

मी सुखरूप आहे. जेवण वेळेवर होते आणि बाबांनी विचारलेला खोकला केव्हाच थांबला आहे. आई, "मौजमजेच्या गावात एकट्या मुलीने काय म्हणून राहायचे?" असे तू फोनवर म्हणालीस, ते मनाला लागले, म्हणून सविस्तर लिहीत आहे. शनिवारी रात्री इथे दारू पिऊन हिंडणारी टोळकी दिसतात, हे मी लपवत नाही. पण वृद्धाश्रमातली माझी कामाची पाळी संध्याकाळी संपते, ट्राम घराजवळ थांबते आणि अंधार पडल्यावर मी किनाऱ्यावर एकटी जात नाही.

या गावाची करमणूक म्हणजे नुसता धिंगाणा नव्हे. समुद्रात शिरलेले तीन लांब धक्के आहेत, त्यांतला सर्वांत जुना १८६३ सालचा. १८९४ साली उघडलेला लोखंडी मनोरा १५८ मीटर उंच आहे आणि त्याच्या पायथ्याशीच सर्कस आहे. तिथे आता प्राणी नसतात. खेळाच्या शेवटी रिंगणच खाली जाते आणि त्यात पाणी भरते. त्याच इमारतीतल्या नृत्यगृहात आमच्या वृद्धाश्रमातल्या एका आजींना घेऊन मी गेल्या मंगळवारी गेले होते.

तिथली एक रीत मला अजून पुरती उमगलेली नाही. भर दुपारी सत्तरी-ऐंशीची माणसे येतात, खुर्चीवर बसून कापडी पिशवीतून दुसरे बूट काढतात आणि आधीचे बूट त्याच पिशवीत ठेवतात. नाचाच्या बुटांचा तळ मऊ, लवदार चामड्याचा असतो, त्यामुळे पाय हवा तेवढाच सरकतो. महोगनी, ओक आणि अक्रोडाच्या ३०,६०२ लाकडी ठोकळ्यांची ती जमीन आरशासारखी घोटलेली आहे. मग वुर्लिट्झर नावाचा भला मोठा ऑर्गन वादकासह रंगमंचाखालून वर येतो. एकटा माणूस हातापायांनी अख्ख्या वाद्यवृंदाचा आवाज काढतो. आपल्या दशावतारातल्या पेटीवाल्यांनी तो ऐकायला हवा होता. सगळी जोडपी घड्याळाच्या उलट दिशेने फेर धरतात. जोडीला पुरुष नसेल तर दोन बाया मिळून नाचतात, आणि त्यांच्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. नवरा गेलेली बाई चारचौघांत अशी नाचते, याचे मला आधी आश्चर्य वाटले, नंतर बरे वाटले.

आमच्या आजींना उभेही राहता येत नाही. तरी त्यांनी आपले रुपेरी बूट पिशवीतून आणले होते आणि ते माझ्याकडून स्वतःच्या पायांत घालून घेतले. सुजलेल्या पायावर पट्टा बसेना, तो मी शेवटच्या भोकात अडकवला. चाकांच्या खुर्चीच्या पायरीवर तासभर त्यांची टाच ताल धरत होती. आई, तेव्हा मला तुझे गुडघे आठवले. दुसऱ्याच्या आईचे पाय मी इथे रोज चेपते आणि तुझे दुखतात तेव्हा जवळ नसते, हे मला कळते.

गणपतीला येणे जमणार नाही. ऑगस्टअखेरीस इथे रोषणाई सुरू होते, तेव्हा रजा मिळणे कठीण असते. १८७९ साली आठ दिव्यांनी आरंभ झालेली ही आरास आता सुमारे दहा किलोमीटर लांबीची असते आणि किनाऱ्यावरून पाहायला तिकीट लागत नाही. आरतीच्या वेळी फोन लावा, मी इथून म्हणेन.

साठ हजार रुपये पाठवले आहेत. त्यातून आधी दादाची फी भरा. कौले पुढच्या महिन्यात बघू. बाबा, त्या स्थळाला नकार कळवू नका, पण होकारही देऊ नका. मुलाशी मी स्वतः बोलेन, आणि लग्नानंतरही नोकरी करणार हे त्यांना आधीच स्पष्ट सांगा. मी टाळते आहे असे समजू नका. पाटल्या सुटेपर्यंत लग्नाचा खर्च काढायचा नाही, एवढेच माझे म्हणणे आहे. माझ्या तिकिटासाठी त्या गहाण पडल्या. दिवाळीपर्यंत उरलेली रक्कम पाठवते. त्या सोडवून आणा आणि आईच्या हातात घातल्यावर फोटो पाठवा.

तुमची,
बेबी